ताटलीतला चिंचोका

मला तोंडावर गोड बोलायला जमत न्हाई. मिशनच्या होस्टेलात एकोणतीस वर्षं पोरींना जेवायला घातलं, पण कुणी ताटात भात टाकला की मग ती पास्टरची लेक असो न्हाईतर आणिक कुणाची, मी सोडली न्हाई. म्हणून तर अनुपमानं सभासद मंडळ काढलं तवा पहिलं नाव माझं घातलं. म्हणली, "सारामावशी, मला खरं बोलणारी माणसं पायजेत."

मंडळ म्हंजी काय, ते सांगते. अनुपमा पाबळची. पिक्चर काढती. मोठ्या कंपनीचे न्हाई, स्वतःचे, आपल्या भागातले. तिच्यासारखी अजून दोघं-तिघं हायत. त्यांच्या पाठीशी आम्ही शिरूर-दौंडकडचे चाळीसएक सभासद. ज्याच्याकडं जे असंल ते त्यानं द्यायचं. पोपटराव आप्पांची जीप आन् कांद्याची वखार. गिताबाईचं घर शूटिंगला, म्हशीसकट. माझा स्वयंपाक. आन् पिक्चर पुरा व्हायच्या आधी, कच्चा असतानाच, सगळ्यांनी बसून बघायचा. त्या दिवशी दारातच प्रत्येकाच्या हातावर तीन चिंचोके ठेवतात. एकदा पिक्चर सलग बघायचा. मग अनुपमा एकेक तुकडा परत लावती. ज्याला जो तुकडा नको वाटंल त्यानं उठायचं आन् पितळेच्या ताटलीत चिंचोका टाकायचा. टण्ण वाजतो. दहा चिंचोके पडले की तो तुकडा गेला. मी आजवर एकबी चिंचोका घरी परत नेलेला न्हाई. मागं गिताबाईची म्हैस पडद्यावर सात मिनिटं रवंथ करत बसली, तवा माझे तिन्ही तिथंच पडले. गिताबाई महिनाभर बोलली न्हाई माझ्याशी. न बोलली तर न बोलली.

आमचे हे, अब्राहाम, दौंडला रेल्वेत सिग्नलला होते. रिटायर होऊन शिरूरला आले आन् दिवसभर घरात बसून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागले. भाजी अशीच का चिरली, डबा तिथंच का ठेवला. मग मीच त्यांना ओढत मंडळात नेलं. म्हणले, "मी काय देणार? मला सिग्नल सोडून काय येतंय?" अनुपमानं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं आन् म्हणली, "आबा, तुम्ही तुमचा चेहरा द्या."

काम एवढंसंच. यवतच्या स्टँडवर एक म्हातारा लेकीची वाट बघत बसलाय. एसटी येते, माणसं उतरतात, लेक काय उतरत न्हाई. म्हाताऱ्यानं नुसतं रस्त्याकडं बघत राहायचं. एसटी खरी, माणसं खरी, म्हणून शॉट एकदाच मिळणार. तर हे महिनाभर आरशापुढं बसून रस्त्याकडं बघत होते! मिशनच्या अख्ख्या कंपाउंडात सांगून आले, "पुण्याला मोठ्या पडद्यावर लागणार हाय. यायचं बरं का सगळ्यांनी."

शूटिंग झालं आन् तिसऱ्या आठवड्यात, रविवारी, चर्चला निघायच्या वक्ताला शर्टाचं वरचं बटण लावता लावता हे कॉटवर बसले. बसले ते बसलेच. प्रभूनं मला पाणी द्यायलाबी वेळ दिला न्हाई.

त्याला चौदा महिने झाले. घरात त्यांचे फोटो हायत. एक लग्नातला, एक रिटायरमेंटचा, हार घातलेला. पण हलते-चालते हे कुठंच न्हाईत. फोन त्यांचा बटणाचा, आन् दुसऱ्या कुणी मोबाईल पुढं धरला की हात आडवा घालायचे. चौदा महिने मी अनुपमाला विचारत होते, झाला का गं, झाला का? खोटं कशाला बोलू, पिक्चर गेला खड्ड्यात. मला माझा नवरा हलताना बघायचा होता.

शेवटी बैठक ठरली. आप्पांच्या रिकाम्या वखारीत दुपारचीच गोणपाटं लावून अंधार केला होता. समोर पांढरी चादर.

हे आले. पार खऱ्याएवढे. निळा शर्ट, वरचं बटण लावलेलं. बाकावर बसताना गुडघ्यावर हात ठेवला, तोच, डावा. पदर तोंडात कोंबला आन् बघत राहिले. एसटी आली. माणसं उतरली. धूळ उडाली. आता यांनी रस्त्याकडं बघत राहायचं.

तर यांनी मान वळवली उजवीकडं. हळूच डोकं हलवलं. आन् हसले.

"आं?" आप्पा अंधारात म्हणले. लेक आली न्हाई आन् बाप हसतोय?

मला मात्र तवाच कळलं. त्या दिवशी उजवीकडं, रसाच्या गाड्याशेजारी, डबा घेऊन मी उभी होते. सकाळच्या घाईत यांनी शुगरची गोळी घेतली का न्हाई, मला चैन पडंना. कॅमेरा चालू हाय, हे मला दिसत होतं की! पण राहवलंच न्हाई. हातानं खूण केली, गोळी? चाळीस वर्षांची सवय. त्यांनी मान हलवली, घेतली. आन् हसले. ही बया हितंबी सोडत न्हाई, असं हसले.

पिक्चर संपला. तुकडे परत सुरू झाले. ताटली टण्ण टण्ण वाजत होती. मग यवतचा तुकडा लागला आन् अनुपमानं हळूच विचारलं, "हा?"

कुणी उठलं न्हाई. आप्पा हातातला चिंचोका नुसता फिरवत बसले. गिताबाई म्हणली, "राहू द्या की. आपलं माणूस हाय." माझ्या जिभेचे वार सोसलेली गिताबाई!

मी बसून राहिले असते तर झालं असतं. कुणी चकार शब्द काढला नसता. हे पुण्याला गेले असते, मोठ्या पडद्यावर. मला ते पायजे होतं, लई पायजे होतं. पण पुण्याची माणसं काय आबांना ओळखतात? ती म्हणली असती, येडाय का म्हातारा. आन् हसली असती. एकदा मी यांना म्हणले होते, सिग्नलला थांबलेल्या गाडीत एवढी माणसं ताटकळतात, द्या की सोडून. तवा म्हणले, "सारा, सिग्नल दयेनं पडत न्हाई."

मी उठले. "तुम्ही माझी दया करू नका," म्हणले. "चूक हाय ती चूकच हाय. पण त्यांची न्हाई, माझी हाय." आन् गोळीचं सगळं सांगून टाकलं. सगळे खो खो हसले. मी ताटलीत चिंचोका टाकला. तो आधी काठावर आदळला, मग आत पडला.

मग आप्पा उठले, टोपीनं डोळे पुसत. मग बाकीचे. दहावा गिताबाईनं टाकला, आन् जाता जाता माझ्या पाठीवरनं हात फिरवून गेली.

अनुपमा जवळ आली. "मावशी, हा तुकडा मी तुम्हाला पेनड्राइव्हवर देते. घरी टीव्हीवर कवाबी बघा."

"दे," म्हणले. "पण टीव्हीत ते वीतभर दिसतील गं. हितं खऱ्याएवढे हायत. जायच्या आधी एकदा लाव."

तिनं लावलं. मी चादरीच्या उजव्या अंगाला, भिंतीला टेकून उभी राहिले. एसटी आली. माणसं उतरली. धूळ उडाली. हे माझ्याकडं वळले. मी हातानं खूण केली, गोळी?

त्यांनी मान हलवली, आन् हसले.