सभागृहाच्या कपाटातली वही

कारखान्यातला बॉयलर फुटला तेव्हा सगुणबरोबर तिथेच कामाला असलेला त्याचा शेजारी गोकुळदासही गेला. बॉयलर सांभाळणाऱ्या सगुणचीच चूक, असं मालकाने दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक. पण सगुण घरी एक वही लिहायचा. शेवटच्या पानावर होतं: 'सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलाय. मालकांना तिसऱ्यांदा सांगितलं.' त्याच्या बायकोला, कमलाक्षीला, ते पान तोंडपाठ झालं होतं.

वही मागायला एकाच आठवड्यात पोलीसही आले आणि विधानसभेने नेमलेल्या चौकशी समितीचे आमदारही. कुणाला द्यावी, म्हणून कमलाक्षीने कारापूरच्या देवळात देवाला पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पडली, म्हणजे समितीला दे. देवानेच सांगितल्यावर झेरॉक्स काढून ठेवायचं कुणाला सुचतं?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे बाई न चढताच कोर्ट दारात आलं. मालकाच्या अर्जावर कोर्ट म्हणालं, खटला आमच्यापुढे आहे, समितीने चौकशी थांबवावी आणि वही इकडे पाठवावी. सभागृहाने कळवलं, आमचे कागद मागायचा कोर्टाला अधिकार नाही. भांडण दिल्लीला, सुप्रीम कोर्टात गेलं. दोघांचंही म्हणणं कायद्याला धरून होतं म्हणे. असेल. वही मात्र पर्वरीला विधानसभेच्या कपाटात सील होऊन पडली, आणि इकडे कागदोपत्री सगुणचीच चूक राहिली.

कमलाक्षी दोनदा पर्वरीला जाऊन आली. एका पानाचा फोटो तरी काढू द्या, म्हणाली. कारकून भला माणूस. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि सील तोडलं तर सभागृहाचा हक्कभंग होतो, असं समजावलं. नवऱ्याच्या अक्षरावर बायकोचा हक्क किती, ते त्यालाही सांगता येईना.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी गोकुळदासची बायको विनोदिनी दोन्ही घरांच्या मधल्या फाटकातून आत आली. अपघातापासून ती या अंगणात फिरकली नव्हती. उभ्या उभ्याच म्हणाली, "कमल, एकदाच सांग. चूक तुज्या घोवाची काय?"

कमलाक्षीने ते पान म्हणून दाखवलं, तारखेसकट, एक शब्द न चुकता.

विनोदिनीने सगळं ऐकून घेतलं. "माका दाखय," ती म्हणाली.

वही कुठे आहे, का आहे, ते कमलाक्षी सांगू लागली. समिती, कोर्ट, दिल्ली. सांगता सांगता तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं, आणि तिला भयंकर लाज वाटली. विनोदिनीने शेवटपर्यंत ऐकलंही नाही. ती परत गेली आणि जाताना फाटकाला पलीकडून कडी लावली.