गाडी विसरली, मी न्हाय

मी रिमोट बोलतोय. जुन्या गाडीचा. बोलायची मला हौस न्हाय, आधीच सांगून ठेवतो. पण शेजारच्या खुंटीला तो नवा रिमोट लटकतोय ना, त्यानं डोकं खाल्लंय. "आजोबा, तुमच्या अंगाला रबर का? आजोबा, तुमचं बटण एवढं खोल का गेलंय?" उठता बसता हेच. तर एकदाच सांगतो. ऐकायचं असंल तर गप ऐक.

माझा जन्म कारखान्यातला. आई कोण, बाप कोण, ठाऊक न्हाय. आम्ही दोघं जुळे, एकाच पिशवीतनं गाडीबरोबर कऱ्हाटीला आलो. त्या साली हिंदुराव अप्पांच्या डाळिंबाच्या बागेनं चांगला हात दिला होता, म्हणून गाडी आली. गाडी दारात उभी राहिली तेव्हा अर्धा गाव बघायला आला. अप्पांनी माझं बटण दाबलं, गाडी टुक टुक बोलली, आणि बायका दचकून मागं सरल्या. तो दिवस माझा होता.

माझा भाऊ पहिल्याच वर्षी गेला. अप्पा मोटर बघायला विहिरीवर वाकले, आणि तो वरच्या खिशातनं सरळ पाण्यात. तेव्हापासून अप्पांनी मला सुतळीनं बंडीच्या आतल्या खिशाला बांधून टाकलं. त्यांच्या छातीला लागून इतकी वर्षं काढली मी. घामानं माझ्यावरची अक्षरं गेली, टोपण सैल झालं, मग द्वारकाबाईंनी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढून मला घातलं. द्वारकाबाई म्हणजे अप्पांची मालकीण. ते रबर अजून हाय.

अप्पांची एक सवय सांगतो, पुढं लागणार हाय. चावी फिरवली की ते स्टेअरिंगला हात लावायचे, मग कपाळाला, आणि म्हणायचे, "मल्हारी मार्तंडा, संभाळ." गाडी शेतापर्यंत न्यायची असो नायतर इंदापूरला. इंदापूरला त्यांची बहीण ठमाबाई दिलेली. दर भाऊबीजेला अप्पा स्वतः गाडी हाकत तिच्या दारात उतरायचे. ठमाबाईला माहेरचं दुसरं कुणी न्हाय. हॉर्न ऐकला की ती आतनं ओरडायची, "आला गं माझा हिंदू!" अप्पांना त्या गावात, त्या दारात, पायी किंवा एसटीनं उतरायचं नव्हतं. माणसाचा एखादा ताठा असतो, तो हा.

आता ह्यात युवराज आला. अप्पांचा थोरला. हातात मोबाईल, डोळ्यावर काळा चष्मा, आणि दोस्तांचा घोळका मागं. त्याला गाडी पाहिजे होती. मागायला काय झालं होतं? तोंड होतं की त्याला. 'अप्पा, तुम्ही चालवू नका, मला भ्या वाटतं' असं म्हणाला असता तर अप्पा भांडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि मग ऐकलंही असतं. पण तसं न्हाय. अप्पांनी चालवताना कधी कोंबडीलासुद्धा धक्का लागला नव्हता, तेव्हा बोलायला जागाच नव्हती.

दसऱ्यानंतरची गोष्ट. अप्पा अंघोळीला बसले आणि युवराजनं बंडीची सुतळी सोडली. "अप्पा, तुमच्या रिमोटचा सेल बदलून आणतो."

"बदल की," अप्पा आतनं म्हणाले.

मला त्यानं गाडीत नेलं आणि शेजारच्या सीटवर टाकलं. खिशातनं एक नवा रिमोट काढला, चकचकीत. हाच, शेजारच्या खुंटीवरचा. मोबाईलवर कुणीतरी हिंदीत सांगत होतं तसं त्यानं केलं. सगळी दारं लावली. चावी चालू, बंद, चालू, बंद, पटापट. गाडीची कुलपं आपोआप खडखडली. नव्याचं बटण दाबलं. पुन्हा खडखड.

मी तिथंच होतो. वीतभर अंतरावर. मला एक दाब, एवढंच पाहिजे होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. बरं का, बघितलं. आणि चावी काढली.

त्या क्षणी गाडी मला विसरली. इतकी वर्षं जिला रोज उठवलं, निजवलं, ती. पण तिचा राग मला न्हाय. तिचं डोकं डबीएवढं, सांगितलं तेवढं धरते.

युवराजनं मला परत बंडीत बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अप्पा औषध आणायला निघाले. चौकात, पारासमोर गाडी उभी होती, युवराजनं नव्या रिमोटनं लावलेली. मला दाबलं. काही न्हाय. पुन्हा दाबलं. मी जीव तोडून ओरडत होतो, पण ऐकणारीच बहिरी. मग अप्पांनी दाराला चावी लावली, आणि गाडीनं भोंगा सुरू केला. थांबेचना. पारावरची माणसं उठून बघायला लागली.

"अप्पा, कुणाची गाडी फोडताय?" एकजण म्हणाला, आणि सगळे हसले.

अप्पांच्या छातीला मी लागून होतो. ती छाती कशी धडधडत होती ते मला ठाऊक.

युवराज आला, नव्याचं बटण दाबलं, भोंगा गप. "रिमोट मेला तुमचा, अप्पा. जुना झाला."

"सेल तर बदलला न्हवं?"

"आतनंच मेलाय. आन ह्या गाडीचा आता मिळत न्हाय, हा शेवटचा घावला. तुमी कशाला तरास घेताय? कुठं जायचं ते सांगा, मी सोडतो."

"भाऊबीजेला इंदापूर."

"त्या दिवशी आमचं महाबळेश्वर ठरलंय. एसटी हाय की."

घरी आल्यावर त्यानं मला गंजक्या खिळ्यांच्या डब्यात भिरकावलं. "भंगार," म्हणाला. मला. भंगार.

अप्पांनी मला रात्रभरसुद्धा तिथं ठेवलं न्हाय. परत बंडीत बांधलं. दिवाळी तोंडावर आली तसे ते येता-जाता मला दाबून बघायला लागले. शेवटी वसुबारसेला मला खिशात घालून एसटीनं बारामतीला गेले. स्टँडाजवळ सिद्धूचं घड्याळाचं दुकान हाय, चाव्या-रिमोटाचं काम तो करतो. त्यानं मला उघडलं, फुंकर मारली, दाबलं. माझा दिवा लागला.

"अप्पा, हा तर पैलवान हाय. सेलपण जुनाच हाय, कुणी बदलला न्हाय, तरी चालतोय."

"मग गाडी उघडंना ती?"

"गाडीत नवा रिमोट बसवला का कुणी? तवा ह्याला दाबायला पायजे हुता. एका बसणीला घरातलं सगळं रिमोट दाबायचं असत्यात. जो राह्यला, त्याला गाडी इसरली."

अप्पा काऊंटरला धरून उभे राहिले. म्हणाले, "सेल बदलतो म्हणून त्यानंच नेला हुता. शेजारी असून दाबायचा ऱ्हातो का रं?"

सिद्धूनं माझ्यावर रबर चढवलं आणि खाली बघत म्हणाला, "ते मला इचारू नका. कसं करायचं ते सांगतो. घरीच हुतंय, माझी बी गरज न्हाय."

पाडव्याला द्वारकाबाईंनी ताट केलं. "युवराज, गाडीची पूजा करायचीय. उघडून ठेव, आन तुझी चावी-रिमोट ताटात दे, हळदी-कुंकू लावते." त्यानं दिलं आणि अंघोळीला गेला. बाप अंघोळीला बसल्यावर आपण जे केलं, ते आपल्यालाही कुणी करंल, हे त्याच्या डोक्यात आलं न्हाय.

अप्पा गाडीत बसले. शेजारी द्वारकाबाई, मांडीवर ताट, ताटात नवा. दारं लावली. अप्पांनी चावी फिरवली, स्टेअरिंगला हात लावला, कपाळाला लावला, "मल्हारी मार्तंडा, संभाळ." बंद. पुन्हा चालू, पुन्हा स्टेअरिंग, पुन्हा कपाळ, पुन्हा मल्हारी. काही खडखडलं न्हाय. परत पहिल्यापासनं. परत तेच. न्हाणीघरात पाणी ओतल्याचं ऐकू येत होतं.

"अवं," द्वारकाबाई म्हणाल्या, "सिद्धू पटापट म्हनला ना? दरवेळंला कशाला पाया पडताय? देव काय बहिरा हाय व्हय?"

"हात आपसूक जातोय."

"मग हितं द्या त्यो हात." आणि त्यांनी अप्पांचा डावा हात ताटाखाली दाबून धरला.

चालू, बंद, चालू, बंद. कुलपं खडखडली. अप्पांनी मला दाबलं. गाडीनं मला ओळखलं. पुन्हा खडखड.

द्वारकाबाईंनी ताटातला नवा उचलला. "आता ह्याला."

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. हळदी-कुंकू लावलेला, कोरा करकरीत.

"आपला पोरगा हाय वो," बाई हळूच म्हणाल्या.

"त्याचा बाप मीच हाय. त्यानं दाबला का?"

अप्पांनी चावी काढली. खरं सांगतो, माझ्या जल्मात एवढं गोड मला काही लागलं न्हाय.

भाऊबीजेला सकाळी युवराजचे दोस्त पिशव्या घेऊन दारात हजर. रात्री गाडीला कुलूप अप्पांनी घातलं होतं, माझ्याकडनं. युवराजनं ऐटीत बटण दाबलं. काही न्हाय. वाकून दाबलं, हात वर करून दाबलं. मग चावी लावली, आणि भोंगा. आळीतली कुत्री भुंकायला लागली, शेजारीपाजारी बाहेर आले.

अप्पा धुतलेलं धोतर, टोपी घालून ओट्यावर चहा पीत होते. बशी खाली ठेवली.

"रिमोट मेला आसंल तुझा."

"अप्पा, नवा हाय!"

"आतनंच मेला आसंल. त्याला काय करायचं?"

मग त्यांनी बंडीतनं मला काढलं. टुक टुक. भोंगा गप. गाडी उघडली. दोस्तांपैकी एक फिसकन हसला. युवराजचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. मी बघितलं, पोटभर.

"आमी निघालो इंदापूरला. म्हाबळेश्वरला एसटी हाय की," अप्पा म्हणाले. स्टेअरिंगला हात, कपाळाला हात. ह्या वेळी द्वारकाबाईंनी धरला न्हाय.

ठमाबाई आतनं ओरडली. तिनं अप्पांना ओवाळलं, आणि उरलेलं कुंकू बोटानं माझ्या बटणावर टेकवलं.

पुढं युवराज नरमला. अप्पांच्या पाया पडला, चुकलं म्हणाला. अप्पांनी एका बसणीला दोघांना दाबलं, म्हणून नव्या, तू हितं बोलतोयस. गाडी कोण कधी नेणार ते आता जेवताना ठरतं, तोंडावर.

पण त्या माणसानं माफी मागितली ती बापाची. मी सीटवर वीतभर अंतरावर पडलो होतो, माझ्याकडं बघून चावी काढली, खिळ्यांच्या डब्यात टाकलं, भंगार म्हणाला. ह्याचं काय? रोज सकाळी ह्या खुंटीवर त्याचा हात येतो, तुला उचलतो, मला ढकलून. माझा सेल आता उतरत चाललाय, दिवा मंद लागतो. तो विझायच्या आत मला एक शब्द पाहिजे.

कुणाकडनं ते लक्षात ठेव, तुझं डोकं कोरं हाय. युवराज हिंदुराव वाबळे. मुक्काम कऱ्हाटी.