बादलीतले जंतू

मी एक जुनी बादली आहे. पत्र्याची, कडेला पोचा आलेली. मित्रांनो, न्हाणीघराच्या कोपऱ्यात मी लख्ख घासलेली दिसते, म्हणून माझे बरे चालले आहे असे समजू नका.

खरे तर माझ्या नशिबी पहिल्यापासून फरशीचे पाणीच होते. पण या घरातल्या धाकट्या सुनेने मला आल्याच्या वाफ्यांकडे नेले. तिच्या सासऱ्यांनी जन्मभर जपलेले घरचे आले जमिनीतच कुजत चालले होते. रोपवाटिकेतल्या बाईंनी तिला एक पुडा दिला.

"यात जिवाणू आहेत. पाण्यात कालवायचे, बेणं त्यात बुडवायचं आणि मग लावायचं. मुळांना बळ देतात, कुजवणाऱ्या रोगाला जवळ फिरकू देत नाहीत."

ते काळपट पाणी माझ्यात कालवले गेले आणि बेण्याचे तुकडे त्यात मनसोक्त डुंबले. त्या वर्षी आले असे पोसले की गड्डा एका हातात मावेना. धाकटीने मला थोपटले. म्हणाली, "तू तर माझी लेकुरवाळी!" मी हरखून गेले.

पुढच्या लावणीच्या वेळी तिच्या थोरल्या जाऊबाई लेकीकडून परतल्या होत्या. त्यांना स्वच्छतेचे भारी वेड. माझ्यात डोकावून त्यांनी नाक मुरडले.

"अगं, हे गढूळ काय कालवलंयस?"

"जंतू आहेत, जाऊबाई! पाळलेत मी," धाकटी हसत म्हणाली आणि बेणे आणायला मागच्या खोलीत गेली.

थट्टा होती हो ती! पण जाऊबाईंच्या जिवाला घोर लागला. धाकटीचे बोट विळीवर कापले होते आणि तोच हात ती या पाण्यात घालणार होती. त्यांनी बिनवासाचे जंतुनाशक आणले आणि मायेने बुचभर माझ्यात ओतले. मी पत्र्याची, ओरडणार कशी? माझी सगळी लेकरे माझ्याच पोटात मेली. पाणी मात्र होते तसेच दिसत होते.

धाकटीने घरात होते नव्हते ते सगळे बेणे त्यात बुडवून लावले. कोंब आले, मग पिवळे पडले. तिने वाफा उकरला तेव्हा शेवटचा गड्डासुद्धा बोटांत लिबलिबीत होऊन फुटला.

"माझ्या हातालाच यश नाही, जाऊबाई. मामंजींनी जपलं, मी घालवलं."

"रडू नको गं. तुझा काय दोष?" जाऊबाईंनी तिला कुशीत घेतले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते. आपण काय केले हे त्यांना आजही ठाऊक नाही.

घरचे आले संपले. धाकटी वाफ्यांकडे बघतही नाही. जाऊबाई मला रोज त्याच औषधाने धुतात आणि मी रोज ते सोसते.

मित्रांनो, एवढे माझे ऐका. कोणाचे भांडे स्वच्छ करण्याआधी त्यात काय आहे ते नीट विचारून घ्या. मला विचारून उपयोग नव्हता, मला वाचा नाही. पण धाकटीला विचारता आले असते. ती हाकेच्या अंतरावर होती.