गटात न बसणारा शब्द

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. वडखळच्या खाडीकडच्या हौसानं त्या दिवशी मिठागरातलं काम टाकलं, लेक शकूचा हात धरला आणि पेणची एस्टी गाठली. नवरा काळुराम म्हणाला होता, "मी जाऊ?" त्यावर ती म्हणाली, "तुमी गेलात तर मास्तर बोलंल नि तुमी मान हालवाल. मीच जाते."

पेणच्या शाळेच्या वसतिगृहात मुलींना घेणार होते. त्यासाठी परीक्षा झाली आणि शकूला पास व्हायला एक मार्क कमी पडला. एकच. गावात सातवीच्या पुढं शाळा नव्हती. वसतिगृह हुकलं की पोरगी उद्यापासून आईबरोबर मिठाच्या वाफ्यांत उतरणार, हे हौसाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिची स्वतःची पावलं मिठानं चिरून चिरून चामड्यासारखी झाली होती.

शाळेच्या कचेरीत कमळाकर मास्तर टेबलामागं बसले होते. खाडीपलीकडच्या, भात पिकवणाऱ्या गावातला माणूस, स्वभावानं वाईट नव्हता. त्यांनी शकूचा पेपर काढून समोर धरला.

"हा बघा प्रश्न. गटात न बसणारा शब्द ओळखा. भात, वाल, मीठ, ऊस. तुमच्या मुलीनं ऊस लिहिलाय."

"मंग? बरोबर हाय की."

"बरोबर कसं? मीठ यायला हवं."

हौसाला वाटलं, मास्तर थट्टा करतायत. तिनं शकूकडं पाहिलं. शकू पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

"गुर्जी," शकू हळूच म्हणाली, "भात पिकतं. वाल पिकतात. मीठ पिकतं. ऊस आमच्याकडं पिकतच नाय. जत्रेत तेवढा दिसतो."

मास्तर हसले. "अगं, मीठ पिकत नसतं. पाणी आटतं आणि मीठ खाली बसतं. पीक म्हणजे जे पेरतात नि उगवतं ते. मीठ त्या गटातलं नव्हे."

"पिकत नसतं?" हौसाचा आवाज चढला. "अवो, खाडीकाठचा सगळा खारापाट म्हणतो, औंदा मीठ चांगलं पिकलं. माझी सासू म्हणायची, तिची सासू म्हणायची. वाफे आमी बांधतो, पाणी आमी घेतो, राखण आमी करतो. मंग पिकतं नाय तर काय आभाळातनं पडतं?"

दाराशी स्टुलावर शिपाई केरू बसला होता. त्याला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो बोलला, "बाई, पावसाचा एक सडाका आला की इरघळून जातंय, त्याला पीक कोण म्हणंल?"

"आणि तुजं भात पुरात जातं, तवा तू त्याला काय म्हणतोस रं? दगड?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "हौसाबाई, रागवू नका. बोलण्यातला शब्द वेगळा, अभ्यासातला वेगळा. गट म्हणजे एका जातीच्या वस्तू एकत्र करायच्या. पेपर रोह्याच्या शिक्षण कचेरीतून आलाय, उत्तरंही तिथूनच छापून आलीत. माझ्या हातात काही नाही."

"वस्तूंची पण जात काढलीत? बरी सोय केलीत."

मास्तर ओशाळले. पेपर खालीवर करत म्हणाले, "एक करता येईल. पास-नापासाच्या सीमेवरच्या मुलांना तोंडी विचारायची मुभा आहे. शकू, नीट विचार करून सांग. गटात न बसणारा शब्द कोणता?"

शकूनं आईकडं पाहिलं.

हौसाला वाटलं, उठावं, पोरीला ओढत न्यावं, मास्तरांच्या टेबलावर मूठभर मीठ आपटावं आणि सांगावं, की रोजच्या कालवणात घालता तेव्हा हे कुठल्या गटात असतं? पण पुढं काय? पुढं वाफे, ऊन आणि चिरलेले पाय.

"बोल गो," ती दात आवळून म्हणाली. "त्यांना काय पायजे ते बोल."

"मीठ," शकू म्हणाली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते तिनं पुसलंही नाही.

मास्तरांनी लाल शाईनं मार्क वाढवला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "झालं. पास. आता प्रवेशाचा अर्ज भरू. नाव, गाव... पालकाचा व्यवसाय?"

"मिठागर," हौसा म्हणाली.

"मालक?"

"नाय. आमी खपतो तिथं."

"मग मजूर? का... थांबा, इतर लिहितो. सोपं पडेल."

"इतर म्हंजे?"

"म्हणजे, ज्यांचा वेगळा रकाना नाही ते सगळे इतर."

हौसा उभीच राहिली. मघाशी गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "मास्तर, एक शब्द मी तुमाला आत्ता दिला. पोरीच्या तोंडून दिला, तिच्या डोळ्यांत पाणी आणून दिला. आता दुसरा देणार नाय. भातवाला शेतकरी, वालवाला शेतकरी, नि आमी इतर? लिवा, शेती."

"कसली शेती, बाई?"

"मिठाची."

"अहो, रोह्याला हसतील. उद्या मलाच हे अर्ज घेऊन जायचंय."

"हसू दे. त्यांना दात घासायला पण मीठच लागतंय."

केरू दाराशी फिसकन हसला. मास्तरांनी त्याच्याकडं रागानं बघितलं, मग टाक बुडवला आणि एक शब्द लिहिला. हौसाला वाचता येत नव्हतं. तिनं शकूला पुढं ढकललं. "काय लिवलंय?"

"शेती."

"नि मिठाची?"

"नाय लिवलं."

मास्तर काही बोलायच्या आत हौसानं त्यांच्यापुढचा टाक उचलला नि पोरीच्या हातात दिला. "लिव तू."

"अहो, खाडाखोड झाली तर अर्ज बाद होईल!"

"खोडते कोण? ती वाढवतेय."

शकूनं अक्षर बारीक केलं, जागा तेवढीच होती, आणि 'शेती'च्या आधी 'मिठाची' बसवलं. मास्तरांनी शाई टिपली, शेजारी आपली सही ठोकली आणि अर्ज बाकीच्या अर्जांत सारला. "जा आता," ते म्हणाले. "सोमवारी अंथरूण घेऊन यायचं."

एस्टी स्टँडवर येईपर्यंत हौसा कुणाशी तरी भांडत असल्यासारखी पुटपुटत होती. शकूनं तिचा पदर ओढला.

"आये, तिकडं परत हाच प्रश्न आला तर काय लिवू?"

"मीठ लिव. मार्क घे." हौसा थांबली. "पण लिवून झालं की इचार त्यांना, हा गट पाडला कोणी?"