बावीस वर्षांचं बंड आणि चोवीसशे पौंड अक्रोड

कराचे फॉर्म भरून देणाऱ्या स्वयंसेवकांना गुप्ततेची शपथ घ्यावी लागते. मी फॉर्म भरत नाही, वाचनालयाच्या दाराशी बसून नंबराच्या चिठ्ठ्या वाटतो. तरी शपथ मलाही दिली. म्हणून या गोष्टीतली नावं बदलली आहेत. गाव मात्र इतकं लहान आहे की त्याचा काही उपयोग नाही.

मिसूरी राज्याच्या दक्षिणेला, डोंगरात, आमचं कोल्टर्स मिल. गावाला एक पूल, तीन चर्च आणि एक बंडखोर. बंडखोराचं नाव ऑर्विल टॅकेट, वय बहात्तर. लाकडाच्या गिरणीत पाय चिरडला तेव्हापासून त्याने काम सोडलं आणि त्याच वर्षी रिटर्न भरणंही सोडलं. वॉशिंग्टनचं नाही, राज्याचंही नाही. "त्यांनी यावं आणि मला न्यावं," असं तो नेडीनच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलावर बसून सांगायचा. न्यायला कोणी आलं नाही. बावीस वर्षांत साधं पत्रसुद्धा आलं नाही.

"घाबरतात," ऑर्विल म्हणायचा, आणि टेबलावरची सात डोकी हलायची.

या धैर्याबद्दल नेडीन त्याच्याकडून कॉफीचे पैसे घेत नसे. चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत तिच्याच पिकअपच्या हौद्यात, खुर्चीवर, झेंड्याखाली ऑर्विल बसायचा. मागे फलक: 'बावीस वर्षं. एक सेंटही नाही.' आकडा दरवर्षी बदलत असे. बायका मुलांना बोट दाखवून सांगायच्या, तो बघ. माणसाला म्हातारपणी आणखी काय हवं असतं?

घरपट्टी मात्र तो दर डिसेंबरला वेळेवर भरायचा. घरपट्टी थकली की जमीन लिलावात जाते, आणि तत्त्वाला बसायला थोडी जमीन लागतेच.

दर फेब्रुवारीत ऑर्विल वाचनालयात यायचा, ते आमच्या टेबलापाशी उभं राहून रांगेतल्या लोकांना "मेंढरं" म्हणायला. हीटर त्या बाजूलाच आहे. गेल्या वर्षी मात्र तो थेट फॉर्म भरून देणाऱ्या युनिस बाईंसमोर जाऊन बसला. युनिस हॉलबर्ग शहाऐंशी वर्षांच्या. त्यांनी ऑर्विलला सहावीत गणित शिकवलं होतं, म्हणजे प्रयत्न केला होता.

"बाई, मला रिटर्न भरायचं नाहीये."

"मग माझ्या खुर्चीत काय करतोयस?"

"आकडा हवाय. बावीस वर्षांत मी सरकारचे किती बुडवले, तो. फलकावर लिहायचाय यंदा. मोठ्ठा."

त्याने बुटांचं खोकं टेबलावर उपडं केलं. बाईंनी चष्मा बदलला, कागद वर्षांप्रमाणे लावले आणि पाऊण तास मान वर केली नाही. ऑर्विल माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. लाखाच्या पुढे जाईल, असा त्याचा अंदाज होता.

"ऑर्विल," बाई म्हणाल्या, "गिरणी सुटल्यापासून तुझं उत्पन्न काय? अपंगांचं पेन्शन. पुढे म्हातारपणाचं. बँकेत व्याज वर्षाला अकरा डॉलर. बरोबर?"

"त्यावर जगून दाखवलं मी."

"नुसत्या या पेन्शनवर जगणाऱ्याला रिटर्न भरावं लागत नाही. ना वॉशिंग्टनचं, ना राज्याचं. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर भरायचं. तू मर्यादेच्या जवळपासही कधी फिरकला नाहीस."

"म्हणजे किती बुडवले?"

"शून्य."

"बावीस वर्षांचे मिळून?"

"शून्याला बावीसने गुणल्यावर काय येतं, हे तुला बाराव्या वर्षीही येत नव्हतं."

ऑर्विलने कागद परत खोक्यात भरायला घेतले. बावीस वर्षं तो कायदा मोडत होता आणि कायद्याला पत्ताच नव्हता. उलट, कायद्याचं त्याच्याइतकं काटेकोर पालन सबंध गावात कोणी केलं नसेल.

"बाई, हे हॉटेलातल्या टेबलावर कळलं तर मिरवणुकीत माझ्या जागी तिथल्याच क्लिफर्डचा ट्रॅक्टर जाईल."

"माझ्याकडून नाही कळणार. शपथ आहे."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठ्या मोजायला घेतल्या.

तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "गुन्हा होण्यासाठी कमीत कमी काय करावं लागेल?"

युनिस बाईंना पन्नास वर्षांत विद्यार्थ्याकडून इतका नेमका प्रश्न आला नसावा. त्या खूश झाल्या. "स्वतःचा धंदा कर. धंद्यात खर्च वजा जाता चारशे डॉलर सुटले की रिटर्न भरणं बंधनकारक. बाकी पेन्शन कितीही कमी असो. मग नको भरूस हवं तर."

"फक्त चारशे?"

"मिळव तर खरं."

त्या जुलैत ऑर्विल मिरवणुकीत बसला, पण टोपी नाकापर्यंत ओढून. लोकांना वाटलं, ऊन आहे.

आमच्याकडे ऑक्टोबरात काळे अक्रोड गळतात. रस्त्याकडेला, स्मशानात, शाळेमागे, जिथे तिथे हिरव्या चेंडूंचा खच. लोक ते पोत्यांत भरून साल काढायच्या यंत्रावर नेतात. सोललेल्या शंभर पौंडांना अठरा डॉलर मिळतात. शाळकरी पोरं आणि चर्चच्या बायका हा धंदा करतात. त्या वर्षी त्यांत बहात्तर वर्षांचा एक लंगडा क्रांतिकारक होता. पहाटे दव सुकायच्या आत तो पूल ओलांडून जायचा आणि कंबरेत वाकून वॉशिंग्टनशी लढायचा.

अक्रोडाच्या सालीचा डाग साबणाने जात नाही, रॉकेलनेही नाही. कोपरापर्यंत काळे हात घेऊन ऑर्विल हॉटेलात आला तेव्हा नेडीनने कॉफी ओतता ओतता हात थांबवला.

"काय रे हे? काम करतोयस की काय?"

"व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी पोतीही दिली वाटतं. गाडीत वीस आहेत."

टेबलावरचे सात जण आपापल्या बशीतल्या केकमध्ये काटे खुपसू लागले.

महिनाअखेरीस चोवीसशे पौंड झाले. ऑर्विल पावत्या घेऊन युनिस बाईंच्या घरी गेला. त्यांचं दार माझ्या अंगणासमोर आहे, आणि त्या दिवशी बाईंनी मला पानं झाडायला बोलावलं होतं, तीही अगदी पायरीपासून.

"चारशे बत्तीस," ऑर्विल म्हणाला. "लिहा मला गुन्हेगार."

"पेट्रोल?"

"म्हणजे?"

"पेट्रोल आणि पोती. खर्च वजा करावाच लागतो." बाईंची पेन्सिल चालली. "एक्केचाळीस. राहिले तीनशे एक्याण्णव. तू अजून निष्पाप आहेस, ऑर्विल."

तो पायरीवर बसला.

"आणि ऐक. म्हणायला चारशे, पण त्यांची मोजायची तऱ्हा अशी आहे की प्रत्यक्षात चारशे चौतीस लागतात. नऊ नाही, त्रेचाळीस कमी आहेत."

"बाई, या देशात साधा गुन्हा करायला माणसाने किती मेहनत करायची?"

नोव्हेंबरात, पहिल्या बर्फात, खारींनी सोडलेले अक्रोड त्याने वेचले. आणखी तीनशे पौंड. यंत्र बंद होण्याच्या आदल्या दिवशी पोचवले. खर्च वजा जाता एकूण चारशे सदतीस. युनिस बाईंनी आकड्याखाली लाल रेघ मारली आणि त्याचा काळा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

झालं. बावीस वर्षं नुसता बोलणारा माणूस आता खरोखर बंड करू शकत होता. फक्त पंधरा एप्रिलपर्यंत, म्हणजे रिटर्नच्या शेवटच्या तारखेपर्यंत, काहीही करायचं नव्हतं. आणि काहीही न करणं, हे तर त्याचं हयातभराचं कसब.

डिसेंबरात त्याच्या पेटीत सरकारी पाकीट पडलं. नऊ दिवस त्याने ते उघडलं नाही. दहाव्या दिवशी बाईंकडे आणलं, चिमट्यात धरून.

"त्यांना कळलं, बाई."

"अरे, अजून तारीखच आली नाही. काय कळणार?" बाईंनी पाकीट फोडलं. "पेन्शन चौदा डॉलरने वाढलंय."

तरी त्याला झोप येईना. टपालाची गाडी वळणावर दिसली की तो परसात जायचा. हॉटेलात कोणी 'घाबरतात' म्हणालं की दचकायचा. जन्मभर ज्या वाघाला दगड मारले तो चित्रातला होता, आणि आता ऑर्विल खरा वाघ मागवून बसला होता.

पंधरा एप्रिलला दुपारी चारला वाचनालयाचं मागचं दार वाजलं. युनिस बाई प्रत्येकाला चाळीस मिनिटांच्या अंतराने बोलावतात आणि काहींना मागच्या दाराने. कोपऱ्यातल्या टेबलावरचे सातही जण त्या दाराने येऊन गेले होते. सातांपैकी कोणाची कोणाशी गाठ पडू नये, याची बाई काळजी घेतात. क्लिफर्ड तर जानेवारीतच येतो. त्याला परतावा लवकर हवा असतो.

ऑर्विलने टोपी काढली. "भरून टाका."

"तत्त्वाचं काय?"

"ते भरल्यावर बघू. पोच मिळते ना? शिक्क्याची?"

"मिळते." बाईंनी वीस मिनिटांत काम संपवलं. "वॉशिंग्टनला बासष्ट डॉलर. राज्याचं रिटर्न नाही लागत, तिथे मर्यादा बाराशे आहे."

"म्हणजे राज्याला मी अजूनही नको?"

"राज्याला तू हवायस, पण पैसे द्यायला. पासष्टीपुढच्यांना घरपट्टीतले काही परत मिळतात. रिटर्न नसलं तरी चालतं, फक्त वेगळा अर्ज करायचा. दोनशे अठ्ठ्याऐंशी. कधी केला नाहीस?"

"मी सरकारी कागदावर सही करत नाही."

"आत्ताच एकावर केलीस."

ऑर्विलने पेनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी सही पहिलीपेक्षा जोरात केली.

राज्याचा चेक जूनमध्ये आला. चार जुलैला पिकअपच्या मागे नवाकोरा फलक होता, सोनेरी किनारीचा, दुरून वाचता येणारा: 'तेवीस वर्षं. एक सेंटही नाही.' चेकमधले एकशे वीस डॉलर रंगाऱ्याने घेतल्याचं ऑर्विल स्वतः मला सांगून गेला. ऑर्विल ताठ बसला होता. टोपी मागे सरकवलेली, हात उंच. पदपथावर सात जण छातीवर हात ठेवून उभे होते. नेडीन गाडी चालवत होती आणि समोर बघत होती.

युनिस बाई वाचनालयापुढे घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मी शेजारी लिंबाचं सरबत धरून. गाडी आमच्यापाशी आली तेव्हा पुढचा बँड वळणावर अडला आणि सगळी मिरवणूक थांबली.

"भरू नका!" ऑर्विल गर्दीला ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग झेंडा नीट करायच्या निमित्ताने तो आमच्या बाजूला वाकला.

"बाई, यंदा झाडं लगडलीत. चारशेच्या आत राहायला किती पौंडांवर थांबू?"

बाईंनी सरबताचा घोट घेतला आणि दोन बोटं वर केली. लांबून पाहणाऱ्यांना ती विजयाची खूण वाटली आणि टाळ्या पुन्हा पडल्या.

"दोन हजार," ऑर्विल पुटपुटला, आणि बँड पुढे सरकला.