माझ्या घंट्या कुणी मोजल्या?

मित्रांनो, मी जुना आहे, पण बिघडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक या दोन गोष्टींत नेहमी गल्लत करतात आणि मला त्याचा भयंकर संताप येतो.

रिमोटवर चालणाऱ्या गाडीतला मी वेगनियंत्रक. काडेपेटीएवढी डबी, डोक्यावर छोटा पंखा. दुकानदार मला ईएससी म्हणतात, म्हणोत बापडे. माझ्या एका अंगाला बॅटरी, दुसऱ्या अंगाला मोटर. रिमोटचा खटका जितका दाबाल, तितकीच वीज मी मोटरला देतो. गाडी पळाली की मोटरचं कौतुक होतं आणि थांबली की माझ्या नावानं बोटं मोडतात. कारखान्यात ज्या बाईंनी माझ्या तारा जोडल्या, त्यांनी मला तपासून शेजारणीला सांगितलं होतं, "गुणी आहे हो हे." ते शब्द आठवले की आजही बरं वाटतं.

मला तोंड नाही, पण आवाज आहे. बॅटरी जोडून मला सुरू केलं की मी पिप पिप करतो. एक पिप म्हणजे मी साधी, जाडजूड सेलांची बॅटरी धरून चाललोय. दोन पिप म्हणजे नव्या जातीची हलकी बॅटरी. मग एक लांब सूर, म्हणजे तयार आहे. बॅटरी कुठली, हे मला माझ्या अंगावरची एक इवलीशी काळी टोपी सांगते. ती बोटांनी काढून या पिनांवरून त्या पिनांवर बसवायची. टोपी सांगेल ते मी मुकाट्यानं मानतो.

मी ज्या घरात आलो, तिथे एक आजोबा आणि त्यांची नात. आजोबांचा सगळा जन्म बसमध्ये कंडक्टरकीत गेला. दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून गाडी जोडली, आजीची बोलणी खाल्ली आणि मला मधोमध बसवलं. मग काय सांगू! गच्चीवर, अंगणात, शाळेमागच्या मैदानावर आम्ही धुरळा उडवला. नातीचा हात हलका होता. वळणावर खटका कधी सोडायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मैदानावर शर्यत ठरली, तेव्हा तिनं सगळ्यात आधी नाव दिलं.

आणि मग आला मामा. त्याच्या खिशात नव्या जातीची बॅटरी होती. "बघ आता कशी पळते!" म्हणत त्यानं माझी टोपी हलवली, दुपारभर गाडी हुंदडवली, आपली बॅटरी खिशात घातली आणि निघून गेला. टोपी होती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी सपाट जागेवर कशीबशी चालायची आणि जोर लावला की मान टाकायची. मी तरी काय करणार? आमच्या जुन्या, साध्या बॅटरीचा दाब जोर लागला की जरा उतरतो आणि मग सावरतो. नव्या जातीची बॅटरी फार उतरली तर कायमची निकामी होते, म्हणून तिच्यासाठी मी वीज लवकर तोडतो. टोपी सांगत होती नवी, मी नवीच धरून तोडत होतो. रोज सुरू होताना कळवतही होतो, पिप पिप. म्हणजे, अहो, मी चुकीची बॅटरी धरून चाललोय, कुणीतरी बघा!

आजोबांनी ऐकलं, पण काय ऐकलं? "डबल बेल पडली. म्हणजे गाडीत काही खोट नाही," ते नातीला म्हणाले. "चालवणाऱ्यातच खोट आहे. आदळआपट केली असशील."

"मी काही नाही केलं, आजोबा. आधी एकदाच वाजायचं. आता दोनदा वाजतंय."

"एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तुझ्या आईच्या जन्माआधीपासून घंट्या मारतोय मी. मला शिकवू नकोस."

"मग शर्यत?"

"भर मैदानात बंद पाडून हसं करून घ्यायचंय का? नाव मागे घेऊ. आणि ही डबी आधी काढून टाकतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. घंटी न ऐकता बस काढणाऱ्या ड्रायव्हरांना ज्या माणसानं जन्मभर शिव्या घातल्या, तो माझी घंटी आपल्याच पुस्तकातून वाचत होता! बरं, मला भंगारात टाका, माझं काय एवढं. पण त्या पोरीचा काय गुन्हा? घरात तीच एकटी घंट्या मोजत होती आणि तिलाच खोटं पाडलं. आजोबांनी माझा एक स्क्रू काढलासुद्धा.

नात रडली नाही. तिनं आजीचा फोन घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा करून मामाला विचारलं, "मामा, त्या दिवशी तू गाडीत काय हलवलंस?"

"काही नाही गं. अगं हो, ती काळी टोपी. परत लावायची राहिलीच की." आणि वर हसला. राहिलीच की! माझी अब्रू गेली, पोरीची शर्यत जायची वेळ आली, आणि याची टोपी राहिली.

आजोबांनी स्क्रू पुन्हा पिळला आणि गाडी नातीपुढे सरकवली. तिनं नखानं टोपी उचलून जुन्या जागी बसवली आणि मला सुरू केलं. पिप. मग लांब सूर.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर आजोबा तिच्या शेजारी उभे होते. माझी एकच घंटी वाजली आणि सवयीनं त्यांचा हात तिला थांबवायला पुढे आला. मग त्यांनी तो हात मागे घेऊन पाठीशी धरला.

"एका बेलवर गाडी सोडायची म्हणजे जिवावर येतं बघ," ते म्हणाले. "पण तू सांगतेस ना? सोड."

तिनं सोडली. आम्ही तिसरे आलो, पण चढावर एकदाही मान टाकली नाही. तिनं वळणावर खटका सोडला तेव्हा आजोबा शेजारच्या माणसाला म्हणाले, "हात बघा तिचा."

तेव्हा मित्रांनो, यंत्राला भंगारात काढण्याआधी ते काय म्हणतंय ते नीट मोजा. कुणाचं काही हलवलंत तर जागच्या जागी ठेवा. आणि घरातलं लहान माणूस म्हणालं, "आधी असं वाजत नव्हतं," तर त्याला गप्प करू नका. माझ्याजवळ निदान आवाज तरी होता. आवाज तिच्याजवळही होता, तरी तिला फोन लावावा लागला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.