पानाच्या तळाशी

"परत काळा पडदा," हे कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले. आवाज इतका बसला होता, की मी पलीकडच्या खोलीत असते तर ऐकूच आला नसता.

दुपारचा एक वाजला होता. सहाला इस्पितळात दाखल व्हायचं होतं. उद्या सकाळी घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार, म्हणजे त्यानंतर हे बोलणार नाहीत. यांनी पस्तीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्या. हात थरथरायला लागल्यापासून निम्मी दुरुस्ती फोनवरच चालते. समोरचा मशीन चालवून दाखवतो, हे नुसत्या खडखडाटावरून दुखणं सांगतात. उद्यापासून फोन वाजला तर कोण बोलणार, म्हणून हा खटाटोप. सगळं लिहून इंटरनेटवर एका पानावर ठेवायचं, तेही घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून.

लिहून झालं होतं. घोडं अडलं ते लिनक्सपाशी. कॉम्प्युटरचा सर्व्हर करायचा, म्हणजे पान त्यातून जगाला दिसायचं, तर आधी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालायचं, आणि त्याच्या जाती म्हणे शेकड्यांनी. त्यातली आर्च नावाची जात यांनी निवडली, का तर त्यात एकेक भाग आपला आपण जुळवावा लागतो. "तयार जुळलेलं घेतो तो गिऱ्हाईक, मेकॅनिक नव्हे," असं ऐटीत म्हणाले होते. त्या ऐटीपायी तीन दिवस गेले. मला यांचा संताप आला होता, आणि संतापायलाही वेळ नव्हता.

शेवटी यांना न विचारताच मी भाचीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ती कॉलेजात हेच शिकवते.

"मावशी, काकांना म्हणावं, उबुंटू जातीचं घ्या. नवख्यांसाठी तेच बरं. डेबियनही चाललं असतं, पण आज कुठे अडलात तर उत्तर चटकन सापडायला हवं. उबुंटू वापरणारे पुष्कळ."

"नवख्यांसाठी," हे पुटपुटले.

"एलटीएस लिहिलेलंच घ्या, काका. पाच वर्षं दुरुस्त्या येत राहतील. काळजी नको."

पाच वर्षं. डॉक्टरांनी आम्हाला एवढी लांबची मुदत दिली नव्हती. मला रडू आलं, ते मी स्वयंपाकघरात जाऊन उरकलं.

शेजारच्या वकीलबाईंच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर उबुंटू भरून आणलं. मग मात्र सुरुवात सरळ झाली. नाव विचारलं, पासवर्ड विचारला, पुढे, पुढे. वेब सर्व्हरच्या आज्ञा भाची एकेक अक्षर सांगत गेली, मी मोठ्यानं म्हणत गेले, हे एका बोटानं टाइप करत गेले. बाहेरच्यांना पान दिसावं म्हणून राउटरमधून वाट काढण्यात अर्धा तास गेला. यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. एकदा तर कीबोर्डवर डोकं टेकून म्हणाले, "राहू दे. नाही होत." मी पाणी दिलं.

सव्वापाचला माझ्या मोबाइलवर पान उघडलं. मी वाचत पान खाली सरकवत गेले. दोरा का तुटतो, कापड का गोळा होतं, सगळं होतं. अगदी तळाशी, दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनला चिठ्ठी चिकटवत तसं, सवयीनं लिहिलं होतं: तरीही टाका सुटला तर संकोच न करता फोन करा. खाली आमचा नंबर.

"सगळं बरोबर आहे ना?" यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

बॅग दाराशी भरून ठेवली होती. दुरुस्तीला आलेल्या एका उघड्या शिलाई मशीनपुढे मी स्टूल ओढलं.

"टाका का सुटतो ते मला कधी नीट कळलंच नाही. सांगा बघू."

"आत्ता? पानावर आहे की."

"पानावरचं नको. तुम्ही सांगा."

हे पुढे सरकले. मग हातानं मशीनचं चाक हळूहळू फिरवू लागले.

"सुई पार खाली जाऊ दे. आता वर येतेय, बघ. एवढीशी वर आली, की खाली फिरणाऱ्या हुकाचं टोक तिच्या मागून, नेढ्याच्या जरा वरून जायला हवं."

"लवकर गेलं तर?"

यांनी सांगितलं. मध्ये दोनदा थांबून श्वास घेतला.

खाली इस्पितळात न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आणि उशिरा गेलं तर?" मी विचारलं.